आधी टेप, मग पाकीट

घराचा ताबा मिळाला की माणसं पहिल्याच रविवारी सोफा बघायला जातात. हॉल किती बाय किती, विचारलं तर सांगता येत नाही. दार आत उघडतं की बाहेर, तेही आठवत नाही. सोफा मात्र मनात ठरलेला असतो, आणि बहुधा तो ‘एल’ आकाराचाच असतो. मग तो लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यावरून चढवताना कठड्याला घासतो आणि एकदाचा हॉलमध्ये बसला की बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो. पोरांना पहिल्याच तासाला सांगायचो, करवतीला हात लावायच्या आधी खिशात टेप आणि कानावर पेन्सिल पाहिजे. हल्ली हेच नातेवाइकांना सांगत फिरतो. पोरं निदान परीक्षेच्या भीतीनं ऐकायची.

अगदी अलीकडचं घर माझ्या भाचीचं. बदलापूर पूर्वेला, चौथा मजला, वन बीएचके, कार्पेट ३९० चौरस फूट. माणसं पाच: भाची, जावई, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि आमच्या विहीणबाई. कर्जाचा हप्ता सुरू झालेला. भाड्याच्या घराचं डिपॉझिट परत आलं, त्यातले ऐंशी हजार घर लावायला बाजूला काढलेले. एका इंटिरियरवाल्यानं त्यांना साडेचार लाखांचं कोटेशन दिलं होतं. त्यात फॉल्स सीलिंग होतं, टीव्हीच्या मागं पॅनेलिंग होतं, दारातच शोभेची जाळी होती. दोन पोरांनी अभ्यास कुठं करायचा, याचा मात्र त्यात पत्ता नव्हता.

“मामा, तू एकदा येऊन बघ ना,” भाची म्हणाली. म्हटलं येतो, पण तोवर एक वस्तू विकत घेऊ नका.

गेलो तो टेप, खडू आणि महिन्याभराची रद्दी घेऊन. रद्दी अशासाठी की, जी वस्तू घ्यायची आहे तिच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून जमिनीवर चिकटवायचे. पलंग साडेसहा बाय पाच, तर तेवढाच कागद. कपाट तीन फूट बाय दीड फूट, तर तेवढाच. दारं जिथवर फिरतात तिथवर खडूनं अर्धगोल काढायचा. आणि मग आठवडाभर त्या कागदांना वळसा घालून घरात वावरायचं. चालायला अडीच फूट तरी मोकळी वाट राहिली पाहिजे. दोन फुटांत माणूस जातो, पण हातात ताट असेल तर अडखळतो. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, सोफ्याचा कागद सगळ्यांनी मिळून फाडून टाकला. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावरूनच चालत होता.

जावयांच्या एका मित्रानं मध्येच पलंगाची दिशा काढली. वास्तुशास्त्रावर मी बोलत नाही. फक्त पलंग फिरवून दाखवला. कपाटाचं दार वीतभर उघडलं आणि थांबलं. विषय संपला.

या घरातलं खरं ज्ञान माझ्याकडं नव्हतंच, ते विहीणबाईंकडं होतं. लग्न होऊन आल्या त्या नायगावच्या बीडीडी चाळीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी, खोली १६० चौरस फुटांची. आता तिथं पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं होताहेत, पण खोली थोरल्या दिरांच्या नावावर होती, त्यामुळं यांचा संबंध तिथंच संपला. त्या १६० फुटांत बाईंनी सात माणसांचा संसार केला. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला माझ्या वर्कशॉपचं कपाट आठवत होतं. सकाळी गाद्यांच्या वळकट्या होऊन खाटेखाली जात आणि तिथंच पाटावर चहा होई. दुपारी त्याच जागी दिरांच्या मुलींचं शिवणाचं मशीन येई, रात्री तिथंच पंगत आणि पंगतीनंतर पुन्हा गाद्या. मोरीच्या वर फळी, फळीवर डबे, डब्यांच्या वर माळा. दाराच्या मागं खुंट्या, दोन भिंतींमध्ये दांडी.

“जमीन माणसांची, भिंत सामानाची,” त्या म्हणाल्या. “इथं बघा, सगळं सामान जमिनीवर आणि माणसं भिंतीला टेकून.”

आणि खरंच तसं होतं. आजच्या फ्लॅटची उंची साधारण साडेनऊ फूट असते. तयार कपाट साडेसहा फुटांचं. त्याच्या वरचे तीन फूट कोणी वापरत नाही, तिथं फक्त जळमटं राहतात, आणि खाली मात्र बॅगा, कुकरची खोकी, पंख्याचा रिकामा डबा पायात येतात. वर्षातून एकदा लागणारी वस्तू वर, महिन्यातून एकदा लागणारी तिच्या खाली, आणि रोजची वस्तू गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात. गौरीचे मुखवटे, मोदकपात्र, गाद्यांची जादा खोळ यांनी वर जावं. मुलांचे बूट, इस्त्री, औषधांचा डबा यांनी कधीही जाऊ नये. इंटिरियरवाल्यानं फॉल्स सीलिंग सांगितलं होतं ते नेमकं याच उंचीतून सहा-आठ इंच खाणार होतं, तेही पैसे घेऊन.

सामान आवरायचा कार्यक्रम विहीणबाईंच्या हुकमतीखाली झाला. दिवाळीला घर उपसतात तसं सगळं हॉलमध्ये ओतलं. त्यांनी एकाही वस्तूबद्दल “ठेवायचं की टाकायचं” असं विचारलं नाही. “हे कुठं राहणार?” एवढंच विचारलं. जागा सांगता आली नाही तर ती वस्तू दाराबाहेरच्या ढिगात. मला हा प्रश्न फार आवडला, कारण “टाकू का” म्हटलं की माणूस भावनेत शिरतो आणि “कुठं” म्हटलं की त्याला भिंतीकडं बघावं लागतं. रद्दी आणि भंगार एकीकडं गेलं. कपडे बोहारणीकडं. बाईंनी तिच्याशी तासभर घासाघीस करून जुन्या साड्यांवर स्टीलचं घमेलं आणि झाकणाचा डबा घेतला. चार चांगल्या सुती साड्या तेवढ्या मागं ठेवल्या. का, ते पुढं सांगतो.

आता पैशांकडं येऊ. पहिला रुपया भिंतीच्या आतल्या कामाला, म्हणजे वायरमनला. बिल्डर प्लगचे पॉइंट आपल्या सोयीनं देतो. मग घरभर एक्स्टेन्शन बोर्डांच्या वायरी लोंबतात आणि कितीही सजवलं तरी ते घर सायबर कॅफेसारखं दिसतं. अभ्यासाच्या जागी, ओट्यावर मिक्सरसाठी आणि पलंगाशेजारी पॉइंट काढून घेतले. दिव्यांचंही तसंच. २०१५च्या उजाला योजनेनंतर एलईडी घराघरांत पोचला, पण खोक्यावरचा केल्विनचा आकडा कोणी वाचत नाही. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ६५०० म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला. अभ्यासाला आणि भाजी निवडायला पांढरा बरा. रात्री जेवणं झाल्यावर बसायला पिवळा. हॉलमध्ये दोन्ही लावा, बटणं वेगळी ठेवा. स्वयंपाकघरात दिवा छताच्या मधोमध असतो, त्यामुळं ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची सावली तिच्याच विळीवर पडते. ओट्याच्या वरच्या फळीखाली दोन फुटी एलईडी पट्टी लावली की तो प्रश्न मिटतो. हॉलचा पंखा बीएलडीसी घेतला. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३०च्या. बारा तास फिरला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो. वायरिंग, दिवे, पंखा मिळून पंधरा हजार.

रंगाच्या बाबतीत जावयांची इच्छा महागड्या धुता येणाऱ्या इमल्शनची होती. मी अडवलं. नव्या इमारतीच्या गिलाव्यात पाणी मुरलेलं असतं, ते सुकायला वेळ लागतो. वर बदलापूरचा पाऊस. पहिला पावसाळा गेल्याशिवाय कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठं लोणा फुटतो, ते कळत नाही. तेव्हा पहिल्या वर्षी साधं डिस्टेंपर, छताला पांढरं आणि भिंतींना एकच फिकट रंग, खर्च तेरा हजार. ओल दिसली तर फोटो काढायचे, तारखेसह ठेवायचे आणि बिल्डरला लेखी कळवायचं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं. ज्यांना असतं त्यांनी भिंतीवर आधीच पीव्हीसी पॅनेल ठोकलेलं असतं, त्यामुळं मागं बुरशी किती वाढली ते वास येईपर्यंत समजत नाही.

कपाटंसुद्धा बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. दोन-तीन इंच हवा खेळू द्या.

आता माझा प्रांत. पोरांच्या अभ्यासासाठी हॉलच्या लांब भिंतीला आठ फुटी टेबल करायचं ठरलं, दोघांना शेजारी-शेजारी बसता येईल असं. इथं एक गोष्ट बारकाईनं सांगतो, कारण सामान्य माणसाचे सगळ्यांत जास्त पैसे इथं जातात आणि त्याला ते दिसत नाही. प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट येते. तुम्ही टेबलाची खोली पंचवीस इंच सांगितलीत तर चार फुटांत, म्हणजे अठ्ठेचाळीस इंचांत, तिची दुसरी पट्टी बसत नाही. उरलेला तेवीस इंचांचा तुकडा सुतार “लागेल कुठंतरी” म्हणून बाजूला ठेवतो आणि बिलात मात्र पूर्ण शीट येते. म्हणून माप शीटकडून घ्यायचं. आम्ही असं फाडलं: अठरा इंचांच्या दोन पट्ट्या, साडेनऊची एक, दोन इंचांची एक. झाले साडेसत्तेचाळीस. राहिलेला अर्धा इंच तीन वेळा फिरलेल्या करवतीनं खाल्ला. अठराची पहिली पट्टी टेबलाचा माथा. दुसरीतून सव्वाअठ्ठावीस इंचांच्या तीन उभ्या फळ्या निघाल्या, दोन कडेला, एक मध्ये. साडेनऊची पट्टी वर पुस्तकांना. दोन इंची पट्टी माथ्याच्या पुढच्या कडेखाली उभी ठोकली, कारण अठरा मिलिमीटरच्या प्लायला तीन फुटांपेक्षा लांब अंतरात आधार नसला की वर्षा-दोन वर्षांत बाक येतो. तुकडा उरला तो अकरा इंचांचा, तोही पुस्तकांच्या फळीत आडोसा म्हणून गेला. सुतार माझ्याकडं बघून हसत होता, पण त्यानं या मापांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या शीटमधून सोळा-सोळा इंचांच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी इंचाचा काही अंश कमीच धरा, त्या दारांच्या वर सात फुटांवर लावल्या. तो आमचा माळा. दोन्ही शीट, सनमायका, खिळे-गोंद आणि मजुरी धरून सोळा हजार.

प्लाय घेताना दोन नंबर लक्षात ठेवा. आयएस ३०३ हा कोरड्या खोल्यांसाठी पुरतो, आयएस ७१० हा पाण्याजवळ, म्हणजे सिंकखाली आणि न्हाणीच्या भिंतीशी. दुकानदार सगळीकडं ७१० गळ्यात मारतो. हॉलमधल्या पुस्तकांना त्याची गरज नाही. शिक्क्याखाली लायसन्स नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. मी दुकानातच बघतो, दुकानदार चहा मागवतो. ऑनलाइन येणारं पार्टिकल बोर्डचं फर्निचर दिसायला देखणं, पण कडांना पाणी लागलं की पाव भिजल्यासारखं फुगतं, आणि एकदा स्क्रू काढून दुसऱ्या घरात नेलं की तेच स्क्रू पुन्हा धरत नाहीत. भाड्यानं राहणाऱ्यांनी तर ते घेऊच नये.

कपड्यांचं कपाट नवं घेतलं नाही. कल्याणात एक जुनं घर पाडत होते, तिथलं सागवानी कपाट आठ हजारांना मिळालं, टेम्पो आणि पॉलिश धरून दहा. जुनं लाकूड घेताना आधी ते आडवं करून तळ बघावा. बारीक भोकं असतील आणि ठोकल्यावर पिवळी भुकटी पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे, हात जोडून परत यावं. याच्यात नव्हता. मी आणि नातवंडांनी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, मग २२०नं, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात कापडाच्या बोळ्यानं दिले. पातळ हात, आणि एक सुकल्यावरच दुसरा. पाचवीतल्या नातवाला धीर नव्हता, तरी मागची बाजू त्याच्याकडं दिली. तिकडं कोण बघतंय.

स्वयंपाकघरात बिल्डरनं ग्रॅनाइटचा ओटा दिला होता, खाली मोकळी पोकळी. पूर्ण ट्रॉल्यांचा खर्च चाळीस हजारांच्या पुढं जात होता. आम्ही खाली कडप्प्याचे दोन उभे आणि एक आडवा टाकून कप्पे केले आणि गॅसच्या खाली फक्त दोन ट्रॉल्या घेतल्या, एक चमच्या-वाट्यांची, एक ताटांची. बाकी पीठ-तांदळाचे डबे कडप्प्यावर सुखानं बसतात, त्यांना चाकं लागत नाहीत. सगळं नऊ हजारांत. ट्रॉलीवाला चुंबक लावून दाखवतो, “बघा साहेब, चिकटत नाही, ओरिजिनल ३०४.” चुंबक २०२ नंबरच्या स्टीललाही बहुधा चिकटत नाही. फरक निकेलचा असतो, २०२मध्ये तो कमी, म्हणून सिंकजवळ तेच आधी गंजतं. चुंबकाच्या खेळावर जाऊ नका, बिलावर ३०४ लिहून मागा. लिहायला कां-कूं केली की समजा. भांड्यांची मांडणी विहीणबाईंनी नायगावहून आणलेलीच भिंतीवर लावली. भाचीला ती नको होती, जुनाट दिसते म्हणून. चिंचेनं घासून वर गेली तेव्हा तिनंच तिचा फोटो मैत्रिणींना पाठवला.

सजावट म्हणून जे काही झालं ते सगळं घरातून निघालं. त्या चार साड्यांपैकी दोनांचे बेडरूमचे पडदे. पडद्याला कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि तो चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर लावली, खिडकी मोठी वाटते आणि पडदा सारल्यावर उजेड अडत नाही. उरलेल्या दोन साड्या विहीणबाईंच्या गोधडीत गेल्या. ती गोधडी आता सेटीवर असते. हॉलच्या पडद्याचं कापड, दोन सोलापुरी चादरी, खणाच्या उशा, दांड्या, सगळं साडेचार हजार.

एक वस्तू मात्र मी स्वतः मागून घेतली. बाईंची पत्र्याची ट्रंक. सोफ्याऐवजी खिडकीखाली बसायला तीच ठेवली, वर कापसाची गादी. आत हिवाळ्याचं सामान मावलं. गंज घासून तिला गडद हिरवा ऑइलपेंट दिला. झाकणावर पांढऱ्या रंगात, कुणा पेंटरच्या हातचं, विहीणबाईंच्या यजमानांचं नाव होतं आणि खाली ता. गुहागर, जि. रत्नागिरी. त्यातला ‘जि.’ जागा संपत आल्यानं बारीक झालेला. पेंटरनं टेपनं मोजलं नव्हतं, हे उघड आहे. तेवढा भाग चिकटपट्टी लावून झाकला आणि भोवतीनं रंगवलं.

हिशेब केला तर ऐंशीतले साडेबारा हजार शिल्लक. जावयांना टीव्ही युनिट हवंय. त्यांच्याकडून रोज एक कॅटलॉग माझ्या फोनवर येतो, कालच्यात तर मागं निळे दिवे होते. सध्या टीव्ही लोखंडी स्टँडवर भिंतीला लटकतोय, आणि ती भिंत नेमकी पश्चिमेची, पावसाची. “पाऊस होऊ द्या, मग बघू,” मी त्यांना सांगितलंय. “आणि तोवर युनिटच्या मापाचा कागद भिंतीला चिकटवून ठेवा.”